दातखीळ बसण्याआधी

मी सात वर्षांची असताना एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल, उसाचा रस पिऊन येऊ." सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून मी निघाले. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला, जवळ आला आणि मागे पडला. सायकल थांबली ती एका जिन्यापाशी. जिन्यातच लवंगेच्या तेलाचा वास येत होता. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डोळ्यांवर दिवा, हिरव्या रेक्झिनची खुर्ची, माझी दोन्ही मनगटं धरलेले कंपाउंडरचे हात. किडलेली दाढ निघाली. ती किती दुखली ते आज सांगता येणार नाही. मनगटं मात्र अजून आठवतात, आणि न प्यायलेला तो रस.

बाबांचा हेतू वाईट नव्हता. दाढेच्या ठणक्याने तीन रात्री मी घरात कुणाला झोपू दिलं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर पोरगी जिना चढणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्यानंतर पुढची तेवीस वर्षं मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नाही. त्यापायी दोन रूट कॅनल झाली आणि एक दाढ कायमची गेली. म्हणून मुलगी झाल्यावर मी ठरवलं की ही भीती येते कुठून आणि जाते कशी, हे नीट समजून घ्यायचं.

घाबरलं की दातखीळ बसते असं आपण सहज बोलतो. दातांच्या डॉक्टरांपुढे मूल खरोखर तेच करतं. ओठ मिटतं, जबडा आवळतं, मान फिरवतं. आपल्याला तो हट्ट वाटतो. जरा त्याच्या जागी बसून पाहा. खोली अनोळखी. समोरच्या माणसाच्या तोंडावर मास्क, त्यामुळे तो हसतोय की रागावलाय ते कळायची सोय नाही. खुर्ची मागे झुकते, पाय अधांतरी होतात, वरून दिवा डोळ्यांत घुसतो. मग धातूचं काहीतरी तोंडात येतं, आणि बोलायचं तर तेच तोंड असल्यामुळे 'थांबा' म्हणता येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठे आवाज, परकी माणसं आणि आईपासून लांब होणं या तीन गोष्टींची भीती वाटणं हे त्या वयाला धरूनच आहे. इथे तिन्ही एकदम अंगावर येतात.

माणूस भीती शिकतो कसा, याच्या तीन वाटा मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये मांडल्या. स्वतःला आलेला वाईट अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं, आणि कानावर पडणारं बोलणं. माझी वाट पहिली होती. आपल्या घरांमध्ये तिसरी वाट सगळ्यात रुंद आहे. "जेवत नाहीस ना? थांब, डॉक्टरकाकांना सांगते सुई टोचायला." "चॉकलेट खा अजून, मग ते पकडीने सगळे दात उपटतील." हे आपण दिवसातून कितीदा बोलतो ते मोजतही नाही. ज्या माणसाच्या हाती उद्या पोराला विश्वासाने सोपवायचं आहे, त्याचाच आपण वर्षानुवर्षं बागुलबुवा करून ठेवतो. आणि ऐन खुर्चीवर म्हणतो, "अरे, घाबरायचं काय त्यात?"

दुसरी वाट अबोल आहे. दवाखान्याच्या बाकावर आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते, ड्रिलचा आवाज आला की खांदे आक्रसते, आणि मांडीवरचं मूल तिच्या अंगावरून सगळं वाचतं. ज्या आईला किंवा बाबांना स्वतःलाच दातांच्या डॉक्टरांची धास्ती आहे, त्यांनी सरळ मावशीला, आत्याला, काकाला पाठवावं. मी मुलीच्या पहिल्या दोन खेपांना तिच्या बाबांना पाठवलं, आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

मोठ्या पिढीची भीती उगाच आलेली नाही, हेही सांगायला हवं. पायाने चालवायचं ड्रिल १८७० च्या दशकात आलं, आणि कितीतरी दवाखान्यांत ते पुढे अनेक दशकं चाललं. ते मिनिटाला जेमतेम काही शे किंवा हजार फेरे घ्यायचं, त्यामुळे अख्खं डोकं थरथरायचं. हवेच्या दाबावर फिरणारं, मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारं यंत्र अमेरिकेतल्या जॉन बोर्डेन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलं, आणि थरथर जवळजवळ संपली. शिट्टीसारखा तो बारीक, चिरकत जाणारा आवाज मात्र त्याच यंत्राबरोबर आला. आज बरीच मुलं दुखण्यापेक्षा त्या आवाजालाच जास्त घाबरतात.

न्यूझीलंडची गोष्ट मला या बाबतीत फार शिकवून गेली. १९२१ मध्ये त्या देशाने शाळकरी मुलांसाठी सरकारी दंतसेवा सुरू केली. दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेल्या तरुण परिचारिका शाळेच्याच आवारातल्या दवाखान्यात बसायच्या आणि मुलांचे दात फुकट तपासून भरून द्यायच्या. जगभरातून लोक ही योजना पाहायला जात, इतकी ती चांगली होती. तरी मुलांनी त्या खोलीला नाव ठेवलं होतं 'मर्डर हाऊस'. पायाने चालणारी यंत्रं, बऱ्याचदा बधिर न करताच खोदलेली दाढ, आणि वर्गातून नाव पुकारून एकट्याने तिथे चालत जायचं. सेवा उत्तम, हेतू उत्तम, मुलाच्या मनाकडे पाहायला मात्र सवड नाही. ती मुलं मोठी झाली, आजी-आजोबा झाली, तरी ते नाव कुणी विसरलं नाही.

आता मुद्द्याचं. लहान मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा कधी न्यायचं? अमेरिकेतली बालदंतवैद्यांची अकादमी सांगते, पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. आपल्याकडे हे ऐकून लोक चकित होतात. चार दातांचं बाळ, त्याला तिथे काय दाखवायचं? दातांपेक्षा जागा दाखवायची असते. डॉक्टर आणि आई गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळ आईकडे तोंड करून मांडीवर, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. वर पाहिलं की डॉक्टर, समोर पाहिलं की आई. दोन मिनिटांत तपासून होतं. बाळ थोडं रडतं, आणि रडल्यावर तोंड आपसूक उघडतं, दातही दिसतात.

याचा खरा फायदा पुढे कळतो. एखाद्या जागेचे चार-पाच साधे, न दुखणारे अनुभव आधी मनात साठले असतील, तर नंतर तिथे एकदा दुखलं तरी भीती सहजासहजी रुजत नाही. मानसशास्त्राने हे तपासून पाहिलेलं आहे. उलट, जागेची पहिली ओळखच ठणकत्या दाढेने झाली, तर जागा आणि ठणका मनात एक होऊन बसतात. आपण नेमकं हेच करतो. दात काळा दिसला की 'दुधाचाच आहे, पडेल', गाल सुजला की लवंग ठेवायची, आणि रात्री-बेरात्री पोर विव्हळायला लागलं की दुसऱ्या दिवशी धावतपळत दवाखाना गाठायचा. झोप न झालेलं, उपाशी, दुखऱ्या तोंडाचं मूल आणि कावलेले आईबाप. अशा दिवशी जगातला सर्वांत प्रेमळ डॉक्टरसुद्धा काय करणार?

'दुधाचाच आहे' हा समज तर फारच महागात पडतो. दुधाचे दात एकूण वीस असतात. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात आणि आपण ते हौसेने कौलांवर फेकतो, म्हणून सगळेच लवकर पडतात असं वाटतं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चार वर्षांच्या पोराची दाढ किडली तर तिच्यावर अजून सहा-सात वर्षं जेवायचं आहे. आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, एकही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. ती कायमची असते, आयुष्यभराची. ती दुधाची समजून किडू दिलेली कितीतरी मुलं डॉक्टर रोज पाहतात.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिच्या डाव्या बाजूच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. पहिल्या दोन खेपा तिच्या बाबांबरोबर झाल्याच होत्या, पण यावेळी दात भरायचा होता आणि मी स्वतः गेले. लहान मुलांच्याच दातांच्या डॉक्टर होत्या. जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

त्यांनी दारात मास्क उतरवला, नाव विचारलं, हसल्या, मग तिच्यासमोरच मास्क पुन्हा लावला. खुर्चीवर बसायचा आग्रह नाही. आधी खुर्चीचं बटण तिलाच दाबायला दिलं. खुर्ची वर गेली, खाली आली. मग छोटा गोल आरसा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "यात आधी तुझ्या आईचे दात मोज." मी तोंड उघडलं. तिने सात मोजले, मग कंटाळली. "आता मी तुझे मोजते." मोजताना त्या मोठ्याने आकडे म्हणत होत्या, आणि मधेच चुकल्यासारखं करून थांबायच्या, की ही हसून तोंड आणखी उघडायची. मग हवेची नळी. आधी सांगितलं, "यातून वारा येतो." तिच्या तळहातावर सोडून दाखवला. मग नखावर. मग म्हणाल्या, "दातावर सोडू?" तिने मान हलवली, तेव्हाच सोडला. पाण्याचं तसंच, थुंकी ओढणाऱ्या नळीचं तसंच, आणि शेवटी ड्रिलचंही. आधी लांबून नुसता आवाज ऐकवला, मग तिच्या नखाजवळ गोल मऊ ब्रश लावून फिरवला.

सांगा, दाखवा, मग करा. हॅरी ॲडलस्टन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९५९ मध्ये ही पद्धत अशा नेमक्या शब्दांत मांडली आणि आज जगभर बालदंतवैद्यकाचा पहिला धडा तोच असतो. दिसायला साधी, पण तिच्यात मुलाला एक फार मोठी गोष्ट मिळते. पुढे काय होणार हे त्याला आधी कळतं, आणि जे कळलं तेच होतं. एकदा, दोनदा, पाचदा तसंच झालं की ते सहाव्यांदा विश्वास टाकतं.

सगळ्यात मोलाचं मला वाटलं ते पुढचंच. डॉक्टर म्हणाल्या, "दुखलं किंवा नको वाटलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार." मुलीने दहा सेकंदांत हात वर केला. दुखलं नव्हतं, ती फक्त पाहत होती. डॉक्टर थांबल्या, नळी बाहेर काढली, विचारलं, "सुरू करू?" थोड्या वेळाने पुन्हा हात. पुन्हा थांबल्या. चार वेळा हे झालं आणि नंतर हात वर आलाच नाही. बोलायचं तोंड आपण अडवलेलं असतं, म्हणून 'थांबा' म्हणायची सोय हाताला द्यायची. फक्त ती खरी असली पाहिजे. एकदा हात वर झाला आणि 'थोडंसंच राहिलंय' म्हणून डॉक्टरांनी काम चालू ठेवलं, की ती खूण त्या दिवसापुरती मेली.

इंजेक्शनबद्दल घरात काय सांगावं, हा सगळ्यांचा प्रश्न. 'इंजेक्शन देणारच नाहीत' असं कधीच म्हणू नये, कारण ते आपल्या हातात नसतं. 'अजिबात दुखणार नाही' हेही नको. त्या वाक्यातलं मुलाला 'दुखणार' एवढंच ऐकू येतं, आणि जरा जरी टोचलं तरी आपण खोटे पडतो. "काय करायचं ते डॉक्टर सांगतील, मी तुझ्याजवळच असेन," एवढं पुरतं. दाताला झोपवायचं औषध, दाताचा शॉवर, किडे धुणारं पाणी, असे शब्द डॉक्टर वापरतात. ते मला खोटेपणाचे वाटत नाहीत, कारण जे घडणार आहे तेच ते मुलाच्या भाषेत सांगतात.

आणि आजचं इंजेक्शन आपल्या लहानपणचं राहिलेलं नाही. हिरडीवर आधी बधिर करणारी जेली लावतात आणि एक-दोन मिनिटं थांबतात. सुई केसासारखी बारीक. औषध अगदी हळू सोडतात, कारण टोचण्यापेक्षा औषध जोरात आत घुसण्याने जास्त दुखतं. सोडताना डॉक्टर गाल किंवा ओठ धरून हलवत राहतात. ते उगाच नसतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत असा, की वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत एक फाटक ओलांडावं लागतं, आणि स्पर्श किंवा थरथर यांचे संदेश आले की ते फाटक थोडं मिटतं. गुडघा आपटल्यावर आपण चोळतो, आई फुंकर घालून हात फिरवते, त्यामागे हेच आहे. काम झाल्यावर एकच सांभाळायचं. दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावतात. घरी आल्यावर मोठा फोड दिसतो. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नये, आणि लक्ष ठेवावं.

कधीकधी ड्रिल किंवा सुईची गरजच पडत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडलेल्या जागी नुसतं लावलं की कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, हे आधी माहीत असावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य किडलेली दुधाची दाढ न कोरताच तिच्यावर स्टीलची कॅप बसवत. आज ती रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आणि फारच घाबरणाऱ्या मुलासाठी नायट्रस ऑक्साइड आहे, म्हणजे लाफिंग गॅस. नाकावरच्या छोट्या मास्कमधून तो ऑक्सिजनबरोबर देतात. मूल जागं राहतं, बोलतं, फक्त सैल पडतं, आणि गॅस बंद करून नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत पूर्ववत होतं. हे सगळ्याच दवाखान्यांत नसतं, पण विचारायला हरकत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, ही माहितीही बऱ्याच पालकांपर्यंत पोचलेली नसते.

माझी मनगटं धरणाऱ्या त्या कंपाउंडरचा राग मी पुष्कळ वर्षं बाळगला. नंतर कळलं की तेव्हा अनेक ठिकाणी हीच रीत होती. ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरायचा आणि ते गप्प झालं की सोडायचा, असं तंत्र पुस्तकांतसुद्धा शिकवलं जायचं. अमेरिकन अकादमीने ते आपल्या मार्गदर्शक सूचनांतून २००६ मध्ये काढून टाकलं. मूल सुरक्षित राहावं म्हणून कधी हलकेच धरावं लागतं, हे खरं. पण का, किती वेळ, कोण धरणार, हे आईवडिलांना आधी सांगून आणि त्यांचं ऐकून. आपल्याला पटलं नाही तर काम थांबवून दुसऱ्या दिवशी यायला पालक पूर्ण मोकळे आहेत. तातडीची सूज किंवा ताप नसेल, तर दात आठवडाभर थांबू शकतो.

जे मूल आधीच घाबरलेलं आहे त्याला एका दिवसात धीट करायला जाऊ नये. १९६७ मध्ये अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या लहान मुलांना त्यांच्याच वयाचं एक मूल कुत्र्याजवळ टप्प्याटप्प्याने जाताना दाखवलं, आणि पाहणाऱ्या मुलांची भीती ठळकपणे कमी झाली. दातांचंही तसंच चालतं. न घाबरणाऱ्या ताईदादाची तपासणी आधी करून घ्यावी आणि धाकट्याने ती बाजूला बसून पाहावी. पहिल्या दिवशी नुसती ओळख, दुसऱ्या दिवशी आरसा, तिसऱ्या दिवशी ब्रश. ज्या मुलांना प्रकाश आणि आवाज सोसत नाही, त्यात स्वमग्न मुलं आली, त्यांच्यासाठी काळा चष्मा, कानांवर हेडफोन, आणि दरवेळी तीच खोली, तीच खुर्ची, तीच ताई ठेवली तर खूप फरक पडतो. वेळ सकाळची घ्यावी, मूल झोपून उठून ताजं असतं. आदल्या आठवड्यापासून पढवत बसू नये, आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. आणि 'रडला नाहीस तर सायकल घेऊ' असली मोठी लाच नको. एवढं मोठं बक्षीस म्हणजे पुढे काहीतरी भयंकर असणार, हा हिशोब चार वर्षांचं पोरही करतं. परत आल्यावर मात्र नेमकं सांगावं, "तू तोंड किती वेळ उघडं ठेवलंस! आणि हात वर करून सांगितलंस." पुढच्या खेपेला मूल हीच आठवण बरोबर नेतं.

तो दात भरून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी मुलीने आजोबांना खाटेवर आडवं केलं. माझ्याच बाबांना. एका हातात माझ्या मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्यात चहाचा चमचा. चमचा आधी त्यांच्या तळहाताला लावला, मग नखाला. "आजोबा, मोजते हं. दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार." बाबांच्या तोंडात आता अकराच दात उरलेत. पाचव्याला त्यांनी हात वर केला, आणि तिने चमचा बाहेर काढला.